आतून लावलेलं दार

किल्ल्या बनवणाऱ्या मास्तरांना काकांकडे पहिल्यांदा नेलं ते त्यांच्या बायकोनंच. डोक्यावर हात ठेवून बरं करणारे काका. त्यांच्या हातानं तिची पाठदुखी थांबली होती, निदान तिला तसं वाटलं होतं.

मास्तरांना साखरेचा आजार. काका मऊ आवाजात म्हणाले, "रोज सुई टोचतोस, म्हणजे विश्वास अर्धाच की रे."

मास्तर मुळात एक घाव दोन तुकडे करणारे. घरी येऊन त्यांनी इन्सुलिनच्या बाटल्या मोरीत ओतल्या.

मग पायाचा अंगठा चिघळला, ताप चढला. बायको धावत काकांकडे गेली.

"तुझी शंकाच त्याला नडतेय," काका म्हणाले. "त्याला एकटा बसू दे."

हे कळताच मास्तरांनी मागच्या खोलीत चटई टाकली आणि दाराला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आतून लावलं.

"अहो, चार घास तरी खा."

"तू जा गं. तुझ्यामुळे सगळं फिसकटायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची जीभ जड झाली. ते तिला आईच्या नावानं हाक मारू लागले. मग हाकही थांबली. दाराला कान लावला, तर नुसता श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसासारखा. बायकोनं हत्यारांच्या पेटीतून हातोडा काढला.

वरच्या मजल्यावरची नणंद धावत आली. तीही काकांचीच भक्त. तिनं वहिनीचं मनगट धरलं. "वहिनी, दार उघडलंस आणि दादाला काही झालं, तर ते तुझ्या माथी!"

"असू दे माझ्या माथी. सोड हात."

पहिला घाव चुकून भिंतीवर बसला, दुसरा बोटावर. नणंद रडत होती, पण तिनं पुन्हा अडवलं नाही. कोयंडा उखडला तेव्हा आतून सडक्या फळासारखा वास आला. मास्तर भिंतीशी कलंडलेले, डोळे अर्धे उघडे. दोघींनी त्यांना चटईसकट ओढत टॅक्सीपर्यंत नेलं.

"इंजेक्शन कुणी बंद केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आम्हीच," बायको म्हणाली.

मास्तर वाचले. अंगठा मात्र काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलले ते हेच, "तुला धीर धरवला नाही. अजून दोन दिवस थांबली असतीस तर..."

"नाही धरवला," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला.

काकांकडची माणसं आता सांगत फिरतात की मास्तर प्रार्थनेनं वाचले. नणंदही मान डोलावते. घरी मास्तर बायकोशी धड बोलत नाहीत. सकाळी ती सुई घेऊन आली की तोंड फिरवतात. पण सदरा स्वतःच वर करतात.