देवळीच्या शेतातल्या मातीवाल्या बाई

पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ मातीवाल्या बाई स्वतःच्याच गणिताला शिव्या घालायच्या. "मठ्ठ आहे कार्टं, शेतात मार खाल्ल्याशिवाय शहाणं व्हायचं नाही," म्हणायच्या. ऊन पडलं की जमीन किती तापेल आणि त्यातली किती उष्णता हवेत जाईल, हे सांगणारं त्यांचं गणित पुण्याच्या संगणकात होतं. ते खरं की खोटं हे पाहायला, ऐंशीच्या सुमाराच्या एका मे महिन्यात, त्यांनी देवळीजवळच्या आमच्या पडीक शेतात तापमापक पुरले. तेव्हा मी शाळामास्तर होतो. बाई आमच्याकडेच राहिल्या.

वऱ्हाडी ऊन म्हणजे काय थट्टा आहे? पण बाई भर दुपारी डोक्याला ओला पंचा बांधून आकडे घ्यायच्या. आई ओरडायची, "मरतं का व पोरी? सावलीत येजो!" बाई हसायच्या. हे गणित जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि काय सांगू, गणित जमलं! आकड्याला आकडा भिडला. बाईंनी पुण्याला ट्रंक कॉल लावून कळवलं. आईने पुरणपोळी केली आणि वाढता वाढता म्हणाली, "माह्या पाण्याचा गुण आला पाहा! रोज सकायी तांब्याभर पाणी अन् हळदकुंकू वाहात होती मी. जमिनीत बसवलेला देव, उन्हात कोरडा कसा ठिवाव?"

मी हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे तापमापकांनी ओल्या मातीचा थंडावा मोजला होता, आणि कोरड्या मातीचं गणित त्याच्याशी जुळलं होतं! आई आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, "बाई, जाऊ द्या. कोणाला कळतंय?"

"मला कळलं ना, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत पोस्टात गेलो. फोनवर त्या म्हणाल्या, "आकडे रद्द करा, सर. तापमापकांवर माझ्या हातून पाणी सांडत होतं." पलीकडचा माणूस इतका तडकला की तिकिटं विकणारासुद्धा मान वर करून बघू लागला. काम गेलं. बाई मान खाली घालून सगळं ऐकत होत्या.

संध्याकाळच्या एस.टी.पाशी आईने विचारलं, "माह्या पाण्यानं काई बिघडलं तं नाई ना व?"

बाई तिच्या पाया पडल्या. "छे हो आई, उलट बरंच झालं."

गाडी सुटली तरी मी आ वासून उभा! आकड्यात रतीभर खोटं खपवून न घेणारी ती बाई एका दिवसात दोनदा खोटं बोलली, आणि दोन्हीदा माझ्या आईसाठी.