मातीतला खटला

फौजदार आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपून काळी ठिक्कर पडली, तरी मला ती उलटायचं सुचलं नाही. पोलीस घरी येणं म्हणजे काय, हे त्या काळी सोलापुरातल्या मिलच्या चाळीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. शेजारणींनी पटापट दारं ओढून घेतली. एरवी याच बाया चिमूटभर हळदीसाठी दिवसातून चारदा यायच्या, आणि आता एकीचं तोंड दिसेना. मी लेकीला कडेवर घेतलं आणि चुलीजवळच उभी राहिले.

तो आमच्या मालकांना, लेकीच्या बापाला न्यायला आला होता. मालक मिलमध्ये माग चालवायचे आणि पहाटे तालमीत जायचे. मूळचे मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले, सांगोल्याकडच्या कोरड्या माळावर वाढलेले. अंगानं थोराड आणि बोलायला कमी. आदल्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका जत्रेत त्यांची कुस्ती झाली होती. समोरचा पैलवान शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकराच्या घरातला पोरगा, बिनलग्नाचा. मालकांनी त्याचा हात मुरगाळून पाठीवर चढवला, त्याला चीत केला, आणि त्यात त्याचा हात कोपरात मोडला. बाईमाणसानं कुस्ती बघायला जायची तेव्हा रीत नव्हती. मला दिसलं ते एवढंच, की मालक फेटा बांधून, गुलालात न्हाऊन घरी आले आणि न जेवताच आडवे झाले.

त्या पोरग्याच्या आईनं चौकीवर जाऊन फिर्याद दिली होती. एकटी विधवा बाई. कुस्तीतली दुखापत पोलिसांत नेल्याचं आमच्या तालमीत कुणी बापजन्मात ऐकलं नव्हतं. मी तर तिच्या नावानं बोटं मोडली. उद्या हुतूतू खेळताना कुणाचा पाय मोडला तर त्यालाही बेड्या घालणार का, म्हणून मी पुढं नळावर मोठ्यानं भांडले. भीती वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

फौजदार माणूस वाईट नव्हता. मालकांसमोर बाजेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “हे बघ पैलवान, कुस्तीचा नाद मलाही आहे. तुझा पाय घसरला, तोल गेला, सगळं वजन त्याच्या हातावर आलं. असंच झालं असेल की नाही?”

मला अडाणी बाईलासुद्धा कळलं, की हा माणूस सुटकेची वाट दाखवतोय. मालकांना ते कळलं नसेल असं नाही.

“पाय न्हाय घसरला, सायेब,” मालक म्हणाले. “डाव माजाच हुता. वस्तादांनी शिकिवलेला.”

फौजदारानं कपाळाला हात लावला. तालमीतल्या माणसांचं हे असं. घसरून जिंकलो म्हणणं म्हणजे वस्तादाच्या विद्येला बट्टा लावणं. त्यापेक्षा तुरुंग परवडला. चौकीवर नेलं, जबाब लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वस्ताद जामीन राहिले तेव्हा कुठं मालक घरी आले.

मी त्यांना सोडलं नाही. “पाय घसरला म्हणाया काय झालं हुतं तुमाला? जीभ झडली असती?”

“खोटं कशाला बोलू?”

“म्या आन् ही पोरगी रस्त्यावर आलो, की मग बसा खरं बोलत.”

मला आणखी एक गोष्ट खुपत होती. कुस्तीत कुणाला लागलं, की जिंकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं, विचारपूस करायची, पाठीवर हात ठेवायचा, असा रिवाज होता. त्यातूनच वैर मिटायचं. मालक गेले नव्हते. मी विचारलं, तर “जाईन” म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तर उठून बाहेर गेले.

तालमीत येणारे-जाणारे एक वकील होते, त्यांनी वकीलपत्र घेतलं. आमच्याकडं येऊन बसले तेव्हा वस्तादही होते. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून चुलीआडून ऐकत होते. वकील म्हणाले, “दोघांनी राजीखुशीनं अंगाला माती लावली, की खेळाच्या ओघात जे लागतं त्याला कायदा गुन्हा म्हणत नाही. मात्र कोर्ट एक गोष्ट बघेल. तो मुलगा ‘सोड’ म्हणाला होता आणि तरीही यांनी सोडलं नाही असं निघालं, तर मग तो खेळ राहत नाही. मग सरळ गंभीर दुखापत. तुरुंग आहे त्याला, आणि थोडाथोडका नाही.”

मी लेकीला जवळ ओढलं. वस्ताद मात्र मिशीतल्या मिशीत हसले. “वकीलसायेब, ‘सोड’ म्हनंल त्यो पैलवान कसला? तोंडात माती गेली तरी आमचा गडी त्ये म्हनायचा न्हाय, आन् त्यांचा बी न्हाय म्हनायचा.”

ते खरंच होतं. मैदानात ज्याच्या तोंडून ‘सोड’ निघालं त्याला परत कुठल्या तालमीत कुणी पाय ठेवू देत नसे. बाजारात पोरं त्याच्या मागून तसंच ओरडत जायची, म्हातारा झाला तरी. वस्तादांच्या बोलण्यानं मला धीर आला. मालक खाली मान घालून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

खटल्याची तारीख जवळ आली तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. बुटांचा आवाज आला की मी दाराला कडी घालायचे. शेवटी मी कुणाला न सांगता लेकीला घेतलं आणि पूर्व भागात त्या बाईच्या घरी गेले. पाया पडायचं, रडायचं, काय वाट्टेल ते करायचं, पण फिर्याद मागं घ्यायला लावायची, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत माग होता आणि त्यावर अर्धवट विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं. आजूबाजूच्या घरांतून मागांची खटखट येत होती आणि या घरात सामसूम. बाई रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरत बसली होती. मागल्या खोलीत पोरगा झोपलेला दिसला. कामट्या बांधलेला हात उशीवर ठेवला होता. बोटं सुजून निळी पडली होती. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, आता ही मला हाकलते. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“अम्मा,” मी म्हणाले, “खेळात व्हतं की असं. माज्या मालकांना आत टाकलं तर माजं आन् ह्या पोरीचं कसं व्हायचं?”

“सगळे तेच सांगतात,” ती म्हणाली. तिचं मराठी मोडकं होतं, पण एकेक शब्द नीट कळत होता. “आमचे लोक पण सांगतात. मातीतलं मातीत ठेव म्हणतात. मग हात पण मातीत ठेवू? डॉक्टर सांगितला, हा हात सरळ होणार नाही. मागावर धोटा कोण मारणार? मी?”

एरवी तिखट जिभेची मी, लेकीचं झबलं सारखं करत बसले. ती पुन्हा रहाट फिरवू लागली आणि थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाली, “झोपेत बोलतो तो. सोड, सोड म्हणतो, आमच्या भाषेत. उठल्यावर मी विचारते, तू तसं सांगितला होता का त्याला? तर माझ्या अंगावर येतो. म्हणतो, मी मेलो तरी तसं म्हणणार नाही. कोर्टात बोल म्हणून मी त्याचे पाय धरले, बाई. आईनं लेकाचे पाय धरले.”

मी तांब्या तसाच ठेवून उठले. आता मला दोन गोष्टींची भीती होती. तो पोरगा कोर्टात बोलला तर काय, ही एक होतीच. दुसरी अशी होती की तिचं मला नावही घेववत नव्हतं. स्टेशनवर जावं, गाडीत बसावं, कुर्डुवाडीच्या पुढं जेऊरला उतरून माहेर गाठावं, असं मनात आलं. पण बाप विचारणार, का आलीस. काय सांगणार होते मी? नवरा रोज रात्री लेकीला पोटावर निजवतो, त्याची मला भीती वाटते म्हणून?

कोर्टात मी व्हरांड्यात, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आत दोन्ही तालमींचे लोक दाटीवाटीनं बसले होते. मैदानातल्या पंचाला विचारलं, तर तो म्हणाला, हलगी कडाडत होती, लोक ओरडत होते, कोण काय बोललं ते देवालाच ठाऊक. मग त्या पोरग्याला उभं केलं. हात गळ्यात बांधलेला. चेहरा इतका कोवळा, की मला त्याच्याकडं बघवेना.

मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. त्यांनी सावकाश विचारलं, “कुस्ती चालू असताना तू आरोपीला ‘सोड’ म्हणालास का?”

पोरग्यानं मागं वळून आपल्या तालमीच्या लोकांकडं बघितलं. कुणी हललं नाही. मी कडेवरच्या लेकीला इतकं घट्ट धरलं, की ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

“न्हाय,” तो म्हणाला.

“नीट आठवून सांग. यात लाजण्यासारखं काही नाही. दुखलं म्हणून ओरडलास तरी?”

“पैलवान वरडत न्हाय.”

त्याची आई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. ती तेलुगूत काहीतरी मोठ्यानं बोलली. पट्टेवाल्यानं तिला गप्प केलं. पोरग्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. मान ताठ करून पुन्हा “न्हाय” म्हणाला. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि मला बघूनही तिनं तोंड फिरवलं नाही. मीच फिरवलं.

मालकांना सोडून दिलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले की दोघेही मर्जीनं खेळले, गैर काही शाबीत झालं नाही. बाहेर आल्यावर तालमीच्या लोकांनी मालकांना खांद्यावर घेतलं, वस्तादांनी माझ्या हातावर साखर ठेवली. माझ्या जिवात जीव आला, हे मी नाकारत नाही. देवाला नारळ बोलले होते तोही फोडला. त्या पोरग्याचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. बोलला नाही, नाव राखलं, म्हणून.

दिवेलागणीला मालक घरी आले. शेजारणींची दारं पुन्हा उघडली होती, एक-दोघी येऊन गोड बोलूनही गेल्या. त्या गेल्यावर मी ताट वाढलं आणि समोर बसले. विचारू नये, असं शंभरदा ठरवलं होतं.

“त्यो पोरगा ‘सोड’ म्हनला हुता?”

मालकांनी घास मोडला. खोटं त्यांना बोलता येत नसे. “व्हय,” ते म्हणाले. “दोनदा.”

“मंग कोर्टात का न्हाय सांगितलं?”

“मला कुनी इचारलंच न्हाय.”

“तुमाला ऐकू आलं हुतं?”

“माज्या कानाशीच तोंड हुतं त्याचं.”

“आन् तरी बी…”

त्यांनी घासाला कालवण लावलं. मग माझ्याकडं न बघता, अगदी साधेपणानं म्हणाले, “लोकं वरडत हुती. लई बरं वाटत हुतं.”

लेक रांगत त्यांच्या मांडीकडं निघाली होती. तिला तिथंच बसून भात भरवून घ्यायची सवय. मी झटकन पुढं होऊन तिला उचलून घेतलं. त्यांनी ते बघितलं आणि ताटातलं संपवत राहिले. फौजदारानं, वकिलानं, कोर्टानं विचारायचं ते विचारून झालं होतं; नेमकं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता त्यांना विचारणारी मी एकटीच उरले होते, आणि पुढचं विचारायचं माझं धाडस होत नव्हतं.