आधी गिऱ्हाईक

मंडईत सगळे त्यांना फोटोवाले शेठ म्हणत. मी नाव कधी विचारलं नाही. पोरवयात त्यांनी इथेच पोत्यावर बसून लिंबं विकली आणि पुढे खराडीकडे खोक्यांचा कारखाना काढला, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी सकाळी ते गळ्यात कॅमेरा अडकवून यायचे, विक्रेत्यांचे फोटो काढायचे आणि पुढच्या रविवारी फ्रेम करून द्यायचे. तेही फुकट. मला आधी संशयच आला होता.

एकदा मी लिंबं घेत असताना ते आले. लिंबंवाल्या मावशी मला तसंच सोडून पदर सारखा करायला लागल्या. शेठनी कॅमेरा खाली घेतला.

"आधी गिऱ्हाईक. मी काही पळून जात नाही."

माझी लिंबं पिशवीत पडल्यावरच त्यांनी फोटो काढला. तो गाळ्यावर टांगलेला असतो.

गेल्या महिन्यात शेठ गेले. त्यानंतरच्या रविवारी मावशींच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो होता, ताजा हार घातलेला. खाली लिंबं नेहमीसारखी मांडलेली.

"आज गाळा बंद नाही ठेवलात?" मी विचारलं.

"बंद ठेवला असता तर शेठ रागावले असते." मावशींनी पदराने डोळे पुसले. "बोला, किती देऊ?"