दर खेपेला नवं घर

माझ्या मावशीने जन्मभर लोकांना शिवण शिकवलं, पण स्वतः कधी कुणाचं ऐकलं नाही. अपवाद फक्त छापील सूचनांचा. कापडावर ‘आधी भिजवून घ्या’ असं लिहिलेलं असेल, तर बाहेर ढगफुटी होत असली तरी ती कापड भिजवून वाळत घालणार. सूचना लिहिणाराही मूर्ख असू शकतो, हे तिला कधी पटलं नाही.

काका, म्हणजे तिचा नवरा, एका रुग्णालयाच्या भांडारात होते. कुठल्या फडताळात कुठली सुई, कुठला बँडेजचा गठ्ठा, सगळं तोंडपाठ. निवृत्तीनंतर ते विसरायला लागले. आधी नावं गेली, मग रस्ते, आणि शेवटी घरातली दारं. संडास समजून कपड्यांचं कपाट उघडायचे आणि तिथेच उभे राहून रडायचे. विसरण्यापेक्षा त्यांना त्याची लाज जास्त खात होती. ते बघवत नसे.

दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, दूरच्या शहरात. तो फोनवर म्हणाला, “आई, बाबा घरातल्या घरात हरवतात. तू एकटी किती दिवस पुरणार? सुट्टीत येतो, मग ठरवू.” काय ठरणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर अशा माणसांसाठी एक संस्था होती. दादा काही वाईट नाही. पण त्याच्याकडे सगळ्याला उपाय असतो, आणि मला अशा माणसांचा फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला बोलावून घेतलं. “तू ते कॉम्प्युटरवरचे खेळ करतेस ना?”

मी खेळ करत नाही. मी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करते. पण घरच्यांना हे समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

“मला आपल्या घराचा खेळ करून हवाय,” ती म्हणाली. “ह्यांना पत्ते खेळायला अजून जमतं कॉम्प्युटरवर. खेळता खेळता दारं पाठ होतील. दादा यायच्या आत.”

मी म्हटलं, करून देते. तर म्हणे, “करून नको देऊस. शिकव.”

मला भुयारांचे ते जुने खेळ आठवले. चौकोनाचौकोनांची जमीन, एका वेळी एक पाऊल. तुम्ही हललात तरच समोरचा हलतो, त्यामुळे कितीही वेळ विचार करत बसा, कुणी मागे लागत नाही. जीव मात्र एकच. तो गेला की पहिल्यापासून सुरुवात, आणि भुयारही नवं. हे खेळ बनवायची नवशिक्यांसाठीची साधनं फुकट मिळतात. पहिल्यात ओळीच्या ओळी टाइप करायच्या होत्या. मावशीने चष्मा पुसला आणि म्हणाली, “हे तुझं तुलाच लखलाभ.” दुसऱ्यात सगळं आयतं होतं, पण जिकडेतिकडे राक्षस. तिसऱ्यात नुसते चौकोन रंगवायचे आणि कुणी कसं वागायचं ते यादीतून निवडायचं.

“अगं, हा तर फुलीचा टाका!” मावशी म्हणाली, आणि तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला.

दुपारभरात तिने पलंग भरला, शेगडी भरली, न्हाणीघरातली निळी बादली भरली. शेवटी हिरव्या स्वेटरमधली स्वतः. तिला शोधून काढलं की खेळ जिंकला. एक तरी शत्रू घातल्याशिवाय ते साधन पुढे सरकेना, तेव्हा तिने शेजारणीचं मांजर घातलं. “खरं तर शेजारीणच घालायची,” म्हणाली, “पण तिचा रंग इथे मिळत नाही.” आणि मांजराने गाठल्यावर ‘तुम्ही मेलात’ असं येत होतं, ते खोडून तिने ‘दमलात, जरा बसा’ असं लिहिलं.

काका खेळायला लागले. बाणांची बटणं दाबत दार उघडायचे, आत डोकावायचे, मावशी सापडली की टाळी वाजवायचे. आठवडाभराने मी गेले, तर काका पॅसेजमध्ये उभे होते. एकेक दार उघडून बघत होते. चेहऱ्यावर रडं नाही, उलट डोळे लुकलुकत होते.

“काय शोधताय काका?”

“संडास. काल तिकडे होता. आज कुठे टाकलाय बघतो.”

मी जाऊन कॉम्प्युटर उघडला. त्या साधनात ‘दर खेपेला नवा नकाशा’ या ओळीपुढे आधीच बरोबरची खूण असते, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘नवशिक्यांनी ही खूण काढू नये.’ मावशीने अर्थातच काढली नव्हती. दर डावाला घरातल्या खोल्या जागा बदलत होत्या. दारं पाठ व्हावीत म्हणून केलेल्या खेळातून काका शिकले काय, तर घर रोज बदलतं.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. “लिहिलं होतं ना गं तसं!” तिने लगेच खूण काढली. आता खेळातलं घर त्यांच्या खऱ्या घरासारखं, जागच्या जागी.

काका खेळायला बसले. चुकले. परत चुकले. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिले. “हे घर तेच आहे ना गं?” त्यांनी विचारलं. “मग मला ओळखता यायला हवं होतं.” आणि ते रडायला लागले, अगदी पूर्वीसारखे.

मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ते निजल्यावर तिने मला विचारलं, “खूण परत घालता येते?”

“येते. पण मग दादा आला की...”

“कळतंय मला,” ती म्हणाली. “पण बदलत्या घरात चुकलं तर कुणी हसत नाही गं. सगळेच नवे असतात.”

तिने स्वतःच्या हाताने खूण घातली. मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नको, हे मला आजही सांगता येत नाही.

दादा आला. जेवताना सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, “बाबा, तुमची खोली कुठली?”

“आजची अजून बघितली नाही,” काका खुशीत म्हणाले.

दादाने मान खाली घातली. दोन दिवसांनी मावशीने बॅग भरली, प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून नाव शिवलं.

संस्थेतल्या बाईंनी सांगितलं की पहिले काही दिवस भेटायला येऊ नका, त्यांना रुळू द्या. त्यांच्या कागदावर तसं छापलेलंच होतं, त्यामुळे मावशी गेली नाही. फोन मात्र रोज करायची. “त्रास काहीच नाही हो,” बाई सांगायच्या, “घाबरत नाहीत, चिडत नाहीत. दिवसभर एकेक खोली उघडतात, ‘इथे नाही’ म्हणतात आणि पुढे जातात.” हे मला सांगताना मावशीने डोळे पुसले. तिच्या खेळात ती प्रत्येक नकाशात कुठेतरी असायचीच.

मुदत संपली त्या सकाळी आम्ही दोघी गेलो. बाईंनी बैठकीच्या खोलीत बसवलं. पॅसेजमधून दारांचे आवाज जवळ येत होते. मावशी पदर सारखा करून ताठ बसली. आमचं दार उघडलं, काका आत डोकावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे, बराच वेळ.

“तुम्हीही कुणाला शोधताय का?” त्यांनी अदबीने विचारलं.

मावशीने मान हलवली. “हो,” ती म्हणाली.

“मग चला की बरोबर. मी बायकोला शोधतोय. या बाजूच्या खोल्या राहिल्यात.”

मावशी उठली. मला वाटलं ती आता सांगेल, अहो, मीच. तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, “दिसायला कशी आहे हो?”

काका हसले. “ते नाही सांगता येत,” म्हणाले, “पण समोर आली की ओळखीन.”