सलीमभाईंची लेन्स

आधीच सांगते, माझं अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. राग मानू नका. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — पोटच्या पोरालासुद्धा नाही.

उस्मानपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून नसीमभाभी राहते. तिचे मालक, सलीमभाई, रीळवाल्या कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटो काढायचे. ते गेल्यावर कॅमेरा बिघडला, राहिली एक लेन्स. चांगली जड. कडेला त्यांनी सुईनं आपलं नाव कोरलेलं. एक दिवस भाभी ती रुमालात बांधून घेऊन आली.

"तुझ्या गणेशला दाखव. त्याच्या नव्या कॅमेऱ्याला चालली, तर रेश्माच्या निकाहचे फोटो हिनंच काढू. बापानंच काढल्यासारखं व्हईल. नाय चालली तर दे टाकून."

गणेशनं कॅमेऱ्याच्या नि लेन्सच्या मधे एक कडी बसवली आणि लेन्स चालली. फोकस तेवढा हातानं फिरवून लावायचा. त्यानं मला खिडकीत बसवून फोटो काढला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. नवी तशी घ्यायची आमची ऐपत — पण ते राहू द्या.

मी भाभीला सांगितलं, काचेला बुरशी लागली होती, टाकून दिली. तिनं रुमाल तेवढा परत मागितला. आणि गणेशला मी म्हटलं, भाभीनं तुला देऊन टाकली, पण तिच्यापुढं विषय काढू नको, तिला रडू येतं.

मला परक्या माणसापुढं धड बोलता येत नाही. मग हे कसं सुचलं?

निकाहच्या आदल्या दिवशी मी त्या नावावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गणेश फोटो काढत होता, तेव्हा रेश्मा त्याच लेन्सकडं बघून हसली. शेजारी भाभीही बघत होती. मी न जेवताच घरी आले.

फोटो आले तशी भाभी धावत आली. "अगं सुमन, माझा असा चेहरा फकस्त यांनीच काढला होता! तुझं पोरगं तर उस्ताद निघालं."

तेव्हा सांगता आलं असतं — नाही का? मी म्हटलं, बसा, चहा टाकते.

पुढं गणेश पुण्याला गेला. लेन्स त्यानं विकली, कितीला ते फोनवर सहज सांगितलं. घरात मी एकटीच. भाभी संध्याकाळी भिंतीवरून हाक मारते. मी बहुतेकदा दिवा न लावता गप्प बसून राहते. ती दोनदा हाक मारते, मग आत जाते.

साड्यांना फॉल लावून मी तेवढे पैसे साठवले. भिशीत तुमचे जास्तीचे निघाले, असं सांगून थोडे थोडे तिला देत गेले. म्हणजे आणखी एक खोटं.

काल शेवटचे नेऊन दिले. तिनं मोजलेसुद्धा नाहीत. "तू दिलेस ना, मग काय मोजायचे?" म्हणाली, आणि उशाखाली ठेवले.

पैसे सगळे फिटले.