ऑनलाइन गोवऱ्या

जर्मनीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि माझा व्हिसा आला, त्या दिवशी मी आमच्या बाभुळगावच्या अंगणात चक्क नाचले. आईही नाचली, हातातल्या झाडूसकट. जर्मन भाषा मी याच अंगणात बसून मोबाईलवर शिकले होते. अख्खं जग घरबसल्या आलं होतं, बाप्पा! बाबा तेवढे पेपरात तोंड खुपसून बसले.

आईनं शेतातल्या मारोतीला नवस केला होता: पोरीचं काम होऊ दे, रोडग्यांचं जेवण घालीन. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांत भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत हाणायचे. मी जायच्या आत नवस फिटला नसता, तर आईनं मला विमानात बसूच दिलं नसतं.

पण गल्लीत आता गाई उरल्यात कुठे? दूध पिशवीतून येतं, शेतात ट्रॅक्टर फिरतो. मी ऐटीत म्हटलं, "थांब, ऑनलाइन मागवते." आणि आल्या की गोवऱ्या! सोनेरी कागदात गुंडाळलेल्या, बिस्किटाएवढ्या. आईनं खोका उलटापालटा केला. "कायले वं एवढं नटवलं शेणाले?" तिचं प्रत्येक गोष्टीला 'कायले', म्हणजे 'कशाला', असतंच. मी हसून हसून लोळले.

शेतात पंगत जमली, रोडगे आरात गेले आणि ती बिस्किटं फुस्सकन विझली. रोडगे आतून कच्चे! तेवढ्यात जर्मनीहून माझ्या होणाऱ्या वरिष्ठ बाईंचा व्हिडिओ कॉल. मागचा धूर पाहून त्या किंचाळल्या, "आग लागली का?" मी म्हटलं, "नाही हो, स्वयंपाक चाललाय." सगळी पंगत त्यांना हात हलवायला लागली. मी हसत होते खरी, पण नजर विझलेल्या आरावर होती. कच्च्या रोडग्यांनी नवस फिटतो का कुठे?

बाबा मोटारसायकल काढून गेले. परतले ते मित्राच्या गोठ्यातल्या पोतंभर गोवऱ्या घेऊन. काय आर पडला, माय वं! रोडगे खरपूस झाले, मारोतीला नैवेद्य गेला, पंगत बसली.

मी बाबांच्या ताटात तूप ओतत होते. ते हळूच म्हणाले, "मी बी याच मारोतीले नवस केलता. पोरगी इथंच राहू दे, रोडगे घालीन म्हून."

मी तूप ताटाबाहेरच ओतलं. मग खो खो हसत सुटले, तेही हसले. "म्हणजे बाबा, तुम्ही हरलात!"

"हारलो नाही. माहा नवस चालूच हाये."

पंगत उठल्यावर बाबांनी उरलेल्या गोवऱ्या परत पोत्यात भरल्या, तोंड सुतळीनं आवळलं आणि घरी येऊन पोतं माळ्यावर चढवलं. खालून आई शिडी धरून उभी होती. तिनं 'कायले' म्हणून विचारलं नाही.