आत्ताच झालंय माझं

नोंग रुफिनो हा माणूस माझ्याच नशिबी का आला, कोण जाणे. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला नोंग म्हणतात आणि बाईला नांग. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारात, मासळीच्या रांगेमागे माझी खानावळ आहे. लोक येतात, पातेल्यांची झाकणं उचलून बघतात, हवं त्याकडे बोट दाखवतात, जेवतात आणि जातात. हा मात्र रोज दुपारी सगळी झाकणं उचलायचा, प्रत्येक पातेल्यात नाक खुपसायचा आणि शेवटी म्हणायचा, "नांग देलिया, अर्धा भात द्या फक्त. जेवण आत्ताच झालंय माझं."

सूप आमच्याकडे भाताबरोबर फुकट. त्या अर्ध्या भातावर हा वाटीमागून वाटी सूप ओतायचा. जन्मभर प्रवाशांची जीपनी चालवली, पण सरकारनं जुन्या गाड्या बंद केल्या त्यात याचीही गेली. बायको त्याआधीच वारली होती. घरी चूल पेटत नाही हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, पण ऐट बघा. एकदा मी गुपचूप त्याच्या सुपात मांसाचा तुकडा सोडला, तर यानं तो चमच्यात घेऊन परत आणून दिला.

"नांग, चुकून पडलाय हा. नीट बघत जा."

मी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे जेवणाऱ्यानं समोरच्याला "या जेवायला" म्हणायचं असतं आणि समोरच्यानं "आत्ताच झालं" म्हणायचं असतं. कुणी खरंच येऊन बसत नाही. अख्खं बाकडं त्याला "या जेवायला" म्हणायचं आणि हा अख्ख्या बाकड्याला नाही म्हणायचा. पुढे पुढे अर्धा भातही बंद झाला. नुसती झाकणं उचलून जायचा.

मग एका शुक्रवारी तो मासळीबाजाराच्या पायरीवर चक्कर येऊन बसला. कोळणींनी धरून माझ्याकडे आणला. चेहरा पांढराफटक, आणि तोंडात तेच, "आत्ताच झालंय माझं." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस सभ्यपणापायी माझ्या दारात उपाशी मरणार होता. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी थाप मारली.

"नोंग, तापानंतर माझ्या जिभेला चवच कळत नाही हो. गिऱ्हाइकं पळतील माझी. जरा चाखून सांगता?"

डुकराचं मांस, तुरीचे दाणे आणि कच्चा फणस घातलेलं कालवण मी भातावर भरपूर वाढलं. चव पोटभर खाल्ल्याशिवाय कळत नाही, असंही ठोकून दिलं. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि चमचा उचलला. ताट साफ झाल्यावर म्हणाला, "बातुआनच्या फळाचं आंबट कमी पडलंय."

तेव्हापासून माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. रोज येणार, बसणार, खाणार आणि भर गर्दीत ओरडणार, "नांग, आज भात चिकट झालाय." "नांग, वांगं करपलंय." आता गिऱ्हाइकं झाकण उचलण्याआधी त्याला विचारतात, "काय घेऊ, नोंग?" आणि हा खुशाल सांगतो, "मासा नको घेऊस." माझ्याच बाकड्यावर बसून, माझंच खाऊन.

परवा दुपारी गर्दी ओसरली होती. मी पातेल्यांना टेकून उभी होते. तो खाता खाता थांबला.

"नांग, या जेवायला."

"आत्ताच झालंय माझं," मी सवयीनं म्हटलं.

"खोटं. सकाळपासून बघतोय, उभ्याच आहात. आणि तुमची जीभ ठणठणीत आहे. पहिल्या दिवसापासून माहितेय मला."

मला संताप आवरेना. "मग इतके दिवस खाताय कशाला?"

"काय करणार? चार लोकांसमोर इतकी मोठी थाप मारलीत. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही उघड्या पडला असता."

म्हणजे या गृहस्थानं माझी लाज राखायला माझं अन्न खाल्लं. मला हसावं की त्याच्या डोक्यात डाव घालावा, ते समजेना. त्यानं बाकड्यावर सरकून जागा केली आणि ताट मध्ये ओढलं. या बाकड्यावर मी कधीच बसले नव्हते. त्या दिवशी बसले.

"मीठ जास्त झालंय आज," तो म्हणाला.

मी घास घेतला. खरंच जास्त झालं होतं.

"मला नाही कळत चव," मी म्हटलं. "उद्या या."